वाढत्या अंगाचं

पाकिटात पत्र नव्हतं.
पिवळा दोरा होता नुसता, त्याला तीन गाठी.
पहिली कमरेची, दुसरी गुडघ्याची,
तिसरी जमीन लागते तिथली.
टेप सापडेना, रासा फोनवर म्हणाली,
तुझी लेक भिंतीला पाठ लावून उभी होती,
मी वरून दोरा सोडला.

इथे बोट्सफ्योर्डला नोव्हेंबर सरता सरता सूर्य जातो
तो अर्धा जानेवारी उलटला तरी तोंड दाखवत नाही.
कारखान्यातून सुटलो की आम्ही बायका
हातांना लिंबू चोळतो,
तरी कॉडचा वास नखांच्या मुळाशी बसून असतो.
मी तीनदा हात धुतले
आणि मग कापडाला लावले.

कापड तरी कसलं, उरलंसुरलं.
वसतिगृहाने टाकून दिलेली फ्लॅनेलची चादर,
मधोमध विरलेली, कडांना अजून दाट,
कोपऱ्यात धुलाईचा आकडा छापलेला: दोनशे चौदा.
आणि यास्नाने पडदे कापले त्यातली पट्टी,
निळ्यावर पांढऱ्या होड्या.
शेवटची होडी अर्धीच,
पुढचा भाग यास्नाच्या खिडकीत.

दोरा चादरीवर पसरला.
एवढी?
ऑगस्टात निघाले तेव्हापासून चार बोटं?
पुन्हा मोजला. गाठ सरकली असेल म्हणून
दाताने ओढून पाहिली.
चारच बोटं.

चादरीत दोन पाय बसेनात.
एक आखखा निघाला, दुसऱ्याला गुडघ्याखाली
होड्यांचा जोड दिला.
मशीन कपडे धुण्याच्या खोलीत, हाताने फिरवायचं,
एका हातात चाक, एका हातात कापड.
उजव्या मनगटात दिवसभराची सुरी अजून चालत होती,
म्हणून टीप वाकडी गेली, दोन ठिकाणी.
उसवली नाही. फ्लॅनेल आहे, झाकून घेईल.
शेजारी कुणाचे तरी मोजे ड्रायरमध्ये गरगरत होते.

वाढत्या अंगाचं शिव, आई म्हणायची,
कापड थांबतं, पोर थांबत नाही.
मी दोऱ्यापुढे आणखी तीन बोटं सोडली,
आत दुमडली, सैल टाके घातले,
ओढले की सुटतील असे.
नेफ्यात नाडी. दोनशे चौदा आतल्या बाजूला,
पाठीशी, जिथे कुणी बघत नाही.

पार्सल पानेवेझिसला पोचायला अकरा दिवस लागले.

फोनच्या चौकटीत आधी रासाचा अंगठा,
मग उग्ने.
तिच्या नावातच आग आहे, उभी राहिली की हलतेच.
पण आज पावलंच दिसेनात.
दोन्ही पाय कापडात बुडालेले,
होड्या फरशीवर गोळा होऊन पडलेल्या.

रासा, दोरा नीट धरला होतास ना?
रासा काही बोलायच्या आत
उग्ने चवड्यांवर उभी राहिली.
कापड वर उचललं गेलं,
दुमड जमिनीला बरोबर टेकली.
हे बघ, म्हणाली, आता होतो. मापाच्या वेळी मी अशीच होते.

का गं?

तू म्हणालेलीस ना, मी मोठी झाले की तू येणार.

म्हणाले होते.
बसच्या दारात, बॅग एका खांद्यावर,
ड्रायव्हर घाई करत होता.
काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाले होते.

रासा मावशी दुमडून देईल, मी म्हटलं,
दहा मिनिटांचं काम.
नको, ती म्हणाली. कापायचं नाही, दुमडायचं नाही.
मी चालते अशी.

आणि चालून दाखवलं,
हात पसरून, जीभ दातांत धरून,
टेबलापासून दारापर्यंत.
दाराशी टाचा खाली आल्या.
तिला वाटलं, मला दिसलं नाही.

मग रासाने फोन ओट्यावर उताणा ठेवला,
दूध उतू जात होतं.
मला छत दिसत राहिलं, दिव्याभोवतीचा डाग,
आणि कापड फरशीवरून घासत
आतल्या खोलीकडे जातानाचा आवाज.
मध्येच तो थांबायचा.
थांबला की मी समजायचे,
वर उचलली गेली आहे.